मुसळीची परीक्षा : पुण्यातल्या एका संशोधन-प्रस्तावाचं प्रकरण

मूळ प्रस्ताव एका दमात सांगता येईल असा होता. लिंगाच्या ताठरतेची तक्रार असलेल्या तीस पुरुषांना तीन महिने सफेद मुसळी या औषधी मुळीचं चूर्ण द्यायचं, आधी आणि नंतर एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि गुण वाढले तर मुसळी उपयोगी ठरली असं म्हणायचं. पुण्यातल्या एका आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांच्या गुणांच्या विषयात एमडी करणाऱ्या विद्यार्थिनीचा हा प्रबंध. मार्गदर्शक तिच्याच विभागातले ज्येष्ठ वैद्य. त्या महाविद्यालयाच्या नैतिकता समितीवर, म्हणजे माणसांवरचे अभ्यास सुरू होण्याआधी तपासणाऱ्या समितीवर, मी फार्माकॉलॉजीचा (औषधशास्त्राचा) सदस्य आहे. प्रस्ताव आमच्याकडे आला आणि मंजूर होऊन बाहेर पडला, तेव्हा त्याचं रूप पार बदललेलं होतं. ते कसं आणि का बदललं, हे वनस्पतींवर काम करणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून विद्यार्थिनी, वैद्यसर आणि समितीचे अध्यक्ष यांच्या संमतीने लिहितो आहे. कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विषय कोणी थट्टेवारी नेऊ नये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयोगटातल्या पुरुषांची पाहणी झाली, तेव्हा ५२ टक्के जणांनी कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार सांगितली होती. आपल्याकडे घरोघरी मधुमेह आहे आणि मधुमेहात ही तक्रार लवकर आणि जास्त प्रमाणात येते. तरी पुरुष डॉक्टरकडे जात नाही. तो स्वारगेटच्या आसपास भिंतीवर चिकटवलेला ‘गुप्तरोग’वाला कागद वाचतो, मित्राने सांगितलेली पुडी आणतो, नाहीतर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी मागतो. अशा वेळी एखादी तरुण वैद्य हा विषय प्रबंधाला घेते, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. म्हणूनच तिचं काम भक्कम व्हावं असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

कुठली मुसळी?

पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारला. प्रस्तावात ‘बाजारातून आणलेली उत्तम प्रतीची सफेद मुसळी’ असं लिहिलं होतं. रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून ती आणायची होती.

सफेद मुसळी म्हणून आज मान्य असलेली वनस्पती क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. बोरिवलीच्या जंगलावरून हे नाव तिला फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोकणात आणि मावळात फोडशी किंवा कुलूची भाजी मिळते ती याच कुळातली, त्यामुळे पान आपल्या ओळखीचं आहे. मूळ मात्र सोलून वाळवलं की पांढरी, सुरकुतलेली काडी होते आणि तिच्यावरून जात सांगणं अवघड. क्लोरोफायटमच्याच ट्युबरोसम आणि अरुंडिनेशियम या जातींची मुळं त्याच नावाने विकली जातात. उत्तर भारतात तर शतावरीची बहीण असलेल्या ॲस्परॅगस ॲडसेंडन्सचं मूळही सफेद मुसळी म्हणून चालतं. काळी मुसळी ही पूर्णपणे वेगळी वनस्पती, कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस.

प्राध्यापक म्हणाले, “तीन महिन्यांत तीन वेळा माल आणलात आणि तिन्ही वेळा वेगळं मूळ आलं, तर तुम्ही नेमकी कशाची परीक्षा घेतलीत?” यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

या बाबतीत पुणं नशीबवान आहे. आघारकर संशोधन संस्थेत आणि कोरेगाव पार्काच्या बाजूला असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात वनस्पतींचे संग्रह आहेत. फुलासह वाळवलेला नमुना तिथे नेऊन जात नक्की करून घेता येते आणि त्या नमुन्याचा क्रमांक प्रबंधात देता येतो. पण त्यासाठी दुकानातली काडी उपयोगाची नाही, शेतातलं जिवंत झाड लागतं. मग ठरलं ते असं : एकाच शेतातून, एकाच हंगामातली, अख्खी मुळं घ्यायची. त्याच वाफ्यातल्या झाडाचा फुलासह नमुना संग्रहात जमा करायचा. चूर्ण महाविद्यालयातच करायचं. मुळाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, सॅपोनिन या मुळातल्या फेसाळ द्रव्यांचं प्रमाण मोजायचं आणि क्रोमॅटोग्राफीचा ठसा, म्हणजे घटक वेगळे केल्यावर उमटणारं चित्र, जपून ठेवायचा. शिसं, आर्सेनिक, पारा आणि कॅडमियम यांच्या मर्यादा आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या मानकग्रंथात) अनुक्रमे १०, ३, १ आणि ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) अशा दिल्या आहेत, त्याही तपासायच्या.

मी आणखी एक तपासणी जोडायला लावली. तयार चूर्णात सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही ताठरतेवरच्या गोळ्यांतली औषधं आहेत का ते बघायचं. विद्यार्थिनीला हा अविश्वास वाटला असावा. तिच्यावर अविश्वास अजिबात नव्हता. ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या प्रकारच्या मालात ही आधुनिक औषधं गुपचूप मिसळलेली सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत आणि अमेरिकेचं औषध प्रशासन तशा उत्पादनांची नावं वरचेवर जाहीर करत असतं. हृदयरोगी माणूस छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो. नायट्रेट गटातलं ते औषध आणि सिल्डेनाफिल शरीरात एकत्र आलं तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. ज्याने ‘झाडपाल्याचं औषध’ म्हणून पुडी घेतली, तो हे इमर्जन्सीतल्या डॉक्टरला सांगणारही नाही. आपल्या चूर्णात असं काही नाही हे कागदावर असणं, हे भाग घेणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे.

उंदराचा पुरावा

प्रस्तावाचा पाया उंदरांवरच्या प्रयोगांवर उभा होता. सफेद मुसळीवर भारतात असं काम झालेलं आहे, त्यात मुंबईतलं २००८ सालचंही आहे. उंदराला अर्क देतात आणि मादीसोबत सोडून तो किती वेळात चढतो, किती वेळा चढतो, याची नोंद करतात. शुक्राणूही मोजतात. हे आकडे वाढले की ‘वाजीकर (कामशक्ती वाढवणारा) परिणाम दिसला’ असं लिहिलं जातं.

इथे थांबून ताठरता येते कशी ते बघायला हवं. उत्तेजना झाली की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. या वायूच्या संकेतकार्याच्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. त्याच्यामुळे पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढतो, कॅल्शियम घटतं, स्पंजासारख्या ऊतीतले मऊ स्नायू सैल पडतात आणि रक्त आत भरतं. भरलेला स्पंज बाहेरच्या कडक आवरणावर दाबला जातो, मधल्या शिरा चेपल्या जातात आणि आलेलं रक्त आतच राहतं. पीडीई-५ नावाचं विकर (एन्झाइम) सायक्लिक जीएमपी मोडतं आणि ताठरता ओसरते. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सिल्डेनाफिल या विकराला अडवतं.

म्हणजे इच्छा, ताठरता, वीर्य आणि प्रजनन या चार निराळ्या गोष्टी. उंदीर जास्त वेळा चढला यावरून त्याची इच्छा वाढली असेल, अंगात तरतरी आली असेल, पण त्याच्या लिंगातला रक्तदाब आपण मोजलेला नसतो. तो मोजता येतो. भूल दिलेल्या उंदराच्या लिंगाच्या मज्जातंतूला विजेचा सौम्य झटका देऊन आतला दाब आणि धमनीतला दाब यांचं गुणोत्तर काढतात. ऊतीची पट्टी पोषक द्रावात टांगून, फिनाइलेफ्रिन या औषधाने आखडून घेऊन, अर्क घातल्यावर ती सैल पडते का हेही बघता येतं. नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याची वाट बंद केल्यावर तोच परिणाम नाहीसा झाला, तर अर्क त्या वाटेने काम करतो असं म्हणायला आधार मिळतो. प्रस्तावातल्या उताऱ्यांमध्ये या साऱ्या गोष्टींची सरमिसळ होती. ‘शुक्राणू वाढले’ या निष्कर्षावरून ‘ताठरता सुधारेल’ अशी उडी दोन ठिकाणी मारली होती. ती वाक्यं काढायला सांगितली.

वैद्यसरांनी इथे एक मुद्दा मांडला आणि मला तो फार मोलाचा वाटला. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय वाजीकरणाचा आहे आणि त्यात अपत्यप्राप्तीला मोठं स्थान आहे. ताठरतेचा विचार वेगळा, तिसाव्या अध्यायात, क्लैब्य (नपुंसकत्व) या नावाखाली येतो. तिथे चार प्रकार सांगितले आहेत : बीजोपघातज (बीज बिघडल्याने), ध्वजभंगज (लिंगाच्या विकाराने), जरेमुळे म्हणजे म्हातारपणामुळे होणारं आणि शुक्रक्षयामुळे होणारं. “आमच्या ग्रंथांनीच हे वेगळं ठेवलंय,” ते म्हणाले. “सगळ्याला एकाच पुडीत बांधलं ते बाजाराने.”

कोणता पुरुष?

प्रस्तावात वय २५ ते ६० आणि ‘ताठरतेची तक्रार’ एवढाच निकष होता. मुसळी द्यायची होती साखर घातलेल्या कोमट दुधाबरोबर, परंपरेप्रमाणे. आमच्या समितीतल्या फिजिशियनबाईंनी शांतपणे विचारलं, की या तीस जणांत मधुमेही किती असतील, आणि त्यांना दिवसातून दोनदा साखरेचं दूध तीन महिने द्यायचं का? अनुपान, म्हणजे औषधाबरोबर घ्यायचं पेय, तेव्हाच बदललं. साखर काढली, दूध नको असेल त्याला कोमट पाणी.

पण त्यांचा खरा मुद्दा पुढचा होता. लिंगाच्या धमनीचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमनीचा ३ ते ४. धमन्यांच्या अस्तराचा आजार साऱ्या शरीरात एकाच वेळी सुरू होतो, पण अरुंद वाहिनीत तो आधी जाणवतो. म्हणून ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. पन्नाशीचा, सिगारेट ओढणारा, कधी रक्त न तपासलेला माणूस आपल्याकडे आला आणि आपण त्याला चूर्ण देऊन तीन महिन्यांनी यायला सांगितलं, तर आपण त्याला मिळालेली धोक्याची सूचना गाडून टाकली.

या एका मुद्द्यावर समितीत अजिबात वाद झाला नाही. भाग घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब, एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर), चरबीचं प्रमाण, सकाळचं टेस्टोस्टेरॉन आणि ईसीजी आधी होणार. चालू औषधांची यादी घेणार, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या गोळ्या, केस गळण्यावर घेतलं जाणारं फिनास्टेराइड, यांनीही ही तक्रार येते. अभ्यासात जो बसणार नाही त्याला नुसतं ‘तुम्ही पात्र नाही’ सांगून परत पाठवायचं नाही. त्याच्या हातात अहवाल आणि योग्य डॉक्टरच्या नावे चिठ्ठी द्यायची. नायट्रेट घेणारा माणूस अभ्यासात नको, हेही ठरलं. मुसळीमुळे त्याला अपाय होईल अशी धास्ती नव्हती. असा माणूस मधेच मेडिकलमधली गोळी घेऊन बसला तर काय, ही भीती होती.

चाकणचा कामगार आणि गावची जत्रा

आता मोजमाप. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच.

विद्यार्थिनीने निवडलेली प्रश्नावली चांगलीच होती. आयआयईएफ या नावाने ती १९९७ पासून जगभर वापरली जाते. एकूण १५ प्रश्न, त्यांतले सहा ताठरतेचे. या सहांचे जास्तीत जास्त ३० गुण. २६ किंवा अधिक म्हणजे तक्रार नाही, १० किंवा कमी म्हणजे तीव्र तक्रार. सगळे प्रश्न गेल्या चार आठवड्यांविषयी.

समितीत एक वैद्यकीय समाजसेवक आहेत, त्यांची बरीच वर्षं भोसरी आणि चाकणच्या कामगार वस्त्यांत गेली आहेत. त्यांनी प्रश्नावली हातात घेऊन एक माणूस डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. वय बत्तीस, बीडकडचा, चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामगार. चौघांत मिळून खोली. बायको-मुलं गावी. गेल्या चार आठवड्यांत संबंध आलेला नाही, यायचा प्रश्नच नव्हता. त्याने फॉर्म प्रामाणिकपणे भरला तर काय होईल?

आम्ही तिथेच बेरीज केली. ‘संबंध आला नाही’ किंवा ‘प्रयत्न केला नाही’ या उत्तराला पाच प्रश्नांत शून्य गुण आहेत. सहावा प्रश्न आत्मविश्वासाचा, त्याचे पूर्ण पाच. एकूण पाच. म्हणजे स्वतःवर पक्का भरवसा असलेला धडधाकट माणूस कागदावर तीव्र आजारी ठरला.

आता पुढचं बघा, ते म्हणाले. हा माणूस अभ्यासात आला. श्रावणात चूर्ण सुरू झालं. दिवाळीला तो गावी गेला, दहा-बारा दिवस घरी राहिला आणि परत आल्यावर दुसरा फॉर्म भरला. गुण पाचावरून सव्वीस-सत्तावीस. मुसळीने काय केलं? काहीच केलं नसेल. एसटीने केलं.

खोलीत क्षणभर शांतता पसरली. पुण्यात ज्यांच्यासाठी मोफत अभ्यास ही मोठी सोय असते, त्यांत गावी कुटुंब ठेवून आलेले पुरुष पुष्कळ असतात. तीसपैकी पाच-सहा जण असे निघाले आणि त्यांच्या फेऱ्या दिवाळीच्या किंवा चैत्रातल्या जत्रांच्या अलीकडे-पलीकडे पडल्या, तर सरासरी नुसत्या सुट्टीने उचलली जाईल. उलट घडलं आणि शेवटची भेट सुट्टीनंतर खूप दिवसांनी आली, तर उपयोगी औषधही निरुपयोगी ठरेल. प्रश्नावली ज्या देशांत बेतली गेली तिथे हा प्रश्न कमी भासला असेल. आपल्या शहरांत तो मोठा आहे आणि इथल्या संशोधकाने तो डोळ्याआड करता कामा नये.

त्यावर असा मार्ग निघाला. औषध सुरू करण्याआधी चार आठवड्यांचा नुसता निरीक्षणाचा काळ ठेवायचा. त्यात किमान चार वेळा संबंधाचा प्रयत्न झाला असेल त्यालाच मुख्य अभ्यासात घ्यायचं. प्रत्येक प्रयत्नाची नोंद छोट्या डायरीत, दोन प्रश्नांची : प्रवेश करता आला का, आणि ताठरता पुरेसा वेळ टिकली का. त्याबरोबर काठिण्याचा शून्य ते चार असा साधा मापक, ज्यात तीन म्हणजे प्रवेशापुरतं कठीण आणि चार म्हणजे पूर्ण कठीण. कुटुंबापासून दूर असलेल्या पुरुषांना टाळायचं नाही, पण त्यांचा गट वेगळा ठेवायचा आणि त्यांना पहाटेच्या ताठरतेविषयी विचारायचं, ज्याला जोडीदार लागत नाही. लिंगाच्या धमनीचा डॉपलर हा आणखी वस्तुनिष्ठ मार्ग आहे. सुई देऊन ताठरता आणतात आणि रक्ताचा वेग बघतात. सेकंदाला २५ सेंटिमीटरहून कमी आला तर धमनीत दोष. पण प्रबंधाच्या अभ्यासात प्रत्येकाला सुई देणं आम्हाला योग्य वाटलं नाही.

फॉर्म कोण भरून घेणार, हाही साधा प्रश्न नव्हता. विद्यार्थिनी म्हणाली, “सर, मला संकोच नाही.” तिला नव्हता, पण समोरच्याला असेल आणि संकोचलेला पुरुष एकतर खोटं सांगतो किंवा पुन्हा येत नाही. बंद खोलीत स्वतः फॉर्म भरायचा आणि पाकिटात घालून द्यायचा. वाचता येत नसेल त्याला कानाला हेडफोन लावून ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकवायचे, उत्तराच्या चित्रावर खूण करायची. ही कल्पना तिचीच आणि ती समितीला फार आवडली.

समितीवर सामान्य नागरिकांच्या वतीने एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाई म्हणतात. इतका वेळ त्या ऐकत होत्या. “नवऱ्याला सहा प्रश्न विचारताय. बायकोला एकसुद्धा नाही?” त्यांनी विचारलं. चार आठवड्यांत चार प्रयत्न, असा नियम आपण करतो तेव्हा त्यात दुसरं माणूस गुंतलेलं असतं, आणि तिला हे ठाऊक तरी आहे का? या नियमामुळे एखाद्या घरात जबरदस्ती होऊ नये. तेव्हापासून विवाहित व्यक्तीच्या पत्नीला माहितीपत्रक आणि तिची स्वतंत्र संमती हा निकष आला. तिच्यासाठी ऐच्छिक छोटी प्रश्नावलीही आली.

गव्हाचं पीठ

तुलना नसलेला अभ्यास चालेल का, यावर वैद्यसर आणि मी बराच वेळ बोललो. त्यांचं म्हणणं, रुग्ण बरा झाला तर तुलना कशाला? मी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या.

एक, सिल्डेनाफिलचा १९९८ सालचा मुख्य अभ्यास. त्यात औषध घेणाऱ्यांचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. पण औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांचेही २२ टक्के यशस्वी झाले होते. ताठरता मनाशी जोडलेली असते. कोणी आपुलकीने विचारपूस केली, उपचार सुरू झाला, पत्नीशी मोकळं बोलणं झालं, की काही पुरुषांत फरक पडतोच.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची आणि आयुर्वेदातलीच. जामनगरच्या वैद्यांनी मानसिक कारणाने ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषांवर अश्वगंधाचूर्णाचा अभ्यास केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. साठ दिवस एका गटाला अश्वगंधा, दुसऱ्याला गव्हाचं पीठ. ८६ जणांनी तो पूर्ण केला. अश्वगंधा गटात सुधारणा १२.६ टक्के, गव्हाच्या पिठाच्या गटात १९.१ टक्के. दोन्ही गटांत आधीपेक्षा फरक पडला होता, दोन्ही गटांमधला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्या वैद्यांनी तुलना ठेवली नसती, तर अश्वगंधा लागू पडली असंच आपण आज वाचत असतो. त्यांनी आलेला निकाल जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

वैद्यसरांनी तो लेख घरी नेला. पुढच्या बैठकीत ते म्हणाले, तुलना हवी. पण एका अटीवर. मुसळी गुरू आणि स्निग्ध, म्हणजे पचायला जड आणि तेलकट गुणाची आहे. मंदाग्नी असलेल्याला, आमाची (न पचलेल्या अन्नाच्या दोषाची) लक्षणं असलेल्याला ते स्वतः ती कधीच देत नाहीत, आधी अग्नी, म्हणजे पचनशक्ती सुधारतात. मग अभ्यासात सरसकट सगळ्यांना का द्यायची? हा आक्षेप रास्त होता आणि शास्त्रीयही. ज्याला वैद्य हे औषध देणारच नाही, त्याच्यावर त्या औषधाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. अग्निपरीक्षणाचा लेखी निकष त्यांनी तयार केला आणि दोन वैद्यांनी एकमेकांना न विचारता तो तपासायचा असं ठरलं, म्हणजे एकमत किती होतं तेही कळेल.

तीस माणसं पुरतात का?

संख्याशास्त्रज्ञांनी फळ्यावर गणित मांडलं. ताठरतेच्या गुणांतली विखुरण, म्हणजे माणसागणिक पडणारा फरक, साधारण ७ धरली, तर चार गुणांचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ४९ माणसं लागतात. गळती धरली तर साठेक. पंधरा-पंधराच्या दोन गटांत सात गुणांहून लहान फरक निसटण्याची शक्यता मोठी. आणि वनस्पतीकडून सात गुणांची अपेक्षा कितपत वाजवी? गोखरूवर बल्गेरियात १८० पुरुषांवर बारा आठवड्यांचा तुलनात्मक अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात फरक दिसला तो तीनहून कमी गुणांचा. ब्राझीलमध्ये तीस जणांना महिनाभर गोखरू देऊन पाहिलं, २०१४ साली निकाल आला, फरक काहीच नाही. ही दोन्ही कामं एकमेकांना खोडतात असं अनेक जण सांगतात. मला तसं वाटत नाही. तीस माणसांच्या अभ्यासाला तीन गुणांचा फरक दिसणंच कठीण. पावणेतीन गुणांचा फरक पकडायला आमच्या गणिताने प्रत्येक गटात शंभराहून जास्त माणसं लागली असती.

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात, एका रुग्णालयात, हे शक्य नव्हतं. तिचा चेहरा उतरला. “म्हणजे मुसळी काम करते की नाही, हे माझ्या प्रबंधात येणारच नाही?”

नाही येणार, असं अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं. मग काय येईल, यावर आम्ही तिच्याबरोबर बसलो. प्रबंधाचे दोन भाग झाले. पहिल्यात मुळाची ओळख, प्रमाणीकरण आणि पुण्याच्या बाजारात मुसळी म्हणून विकल्या जाणाऱ्या मुळांची तपासणी. दुसऱ्यात तीस जणांचा प्राथमिक, दोन गटांचा अभ्यास, ज्याचा दावा परिणामाचा नसून तयारीचा आहे : किती पुरुष येतात, किती टिकतात, डायरी भरली जाते का, आपल्या लोकांत गुणांची विखुरण किती, अग्निनिकषावर वैद्यांचं एकमत होतं का, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्यांत काही बिघाड दिसतो का. शेवटी प्रत्येकाला विचारायचं, की तुम्हाला मुसळी मिळाली असं वाटतं की दुसरी पुडी? अंदाज फार अचूक निघाले तर पुड्या ओळखता येतात असा अर्थ. मुसळीचं चूर्ण चिकट असतं, पाण्यात फुगतं. तिच्यासारखी पुडी बनवायला स्टार्च आणि थोडा डिंक घालून बघायचं ठरलं. कॅप्सूलने काम सोपं झालं असतं, पण रोजच्या सहा ग्रॅमसाठी अर्ध्या ग्रॅमच्या बारा कॅप्सूल कोण गिळणार?

बारा आठवडे काहींना औषधाविना ठेवणं योग्य आहे का, हा प्रश्न उरला होता. माहितीपत्रकात लिहायचं, की या तक्रारीवर परिणामकारक गोळ्या उपलब्ध आहेत, त्या डॉक्टरच्या सल्ल्याने कधीही घेता येतील आणि त्यासाठी अभ्यास सोडला तर रुग्णालयातल्या उपचारात काही फरक पडणार नाही. हे वाक्य वाचून काही जण भाग घेणार नाहीत, अशी शंका विद्यार्थिनीने काढली. काढणारच होती. पण ते वाक्य ठेवावंच लागतं, कारण ते खरं आहे आणि निर्णय त्या माणसाचा आहे.

भरतीच्या पोस्टरवर ‘लैंगिक दुर्बलतेवर मोफत आयुर्वेदिक उपचार’ असा मथळा होता. समितीतल्या वकिलांनी तो लगेच खोडला. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४चा कायदा लैंगिक क्षमता वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला मनाई करतो आणि त्याच्या परिशिष्टात नपुंसकत्वाचा उल्लेख आहे. शिवाय उपचाराचं आश्वासन अभ्यास देऊच शकत नाही. नवीन पोस्टरवर वनस्पतीचं नाव नाही. ‘ताठरतेच्या तक्रारीविषयीच्या अभ्यासात सहभाग’ एवढंच, फोन क्रमांक आणि माहिती गुप्त राहील ही हमी.

मंजुरीच्या पत्रात तीन अटी आहेत. पहिल्या माणसाची नोंद होण्याआधी अभ्यास भारताच्या चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंदवायचा, आणि मुख्य मोजमाप कोणतं ते तिथेच जाहीर करायचं, म्हणजे नंतर सोयीचा आकडा निवडता येणार नाही. निकाल काहीही आला तरी छापायचा. आणि शीर्षकात ‘परिणामकारकता’ हा शब्द वापरायचा नाही. तिसऱ्या अटीवर वैद्यसरांची नाराजी अजून आहे आणि ती त्यांनी लेखी नोंदवली आहे.

मुसळी पावसाळ्याच्या तोंडावर लावतात, दिवाळीच्या सुमारास पानं वाळून गळतात, मुळं जमिनीतच पक्व होऊ देतात आणि थंडीत काढतात. फुलासह नमुना मात्र पावसाळ्यातच घ्यावा लागतो. त्यामुळे विद्यार्थिनीची पहिली फेरी शेतावर, नमुना वाळवून संग्रहात देण्यासाठी. मुळं यायला त्यानंतर काही महिने आहेत. तेवढ्यात समाजसेवकांना बरोबर घेऊन ती भोसरीत हेडफोनवाली प्रश्नावली काही कामगारांना ऐकवून बघणार आहे, कुठला प्रश्न कुठे अडतो ते समजायला.